टोकाची खोली

बॅलार्ड इस्टेटला, तिसऱ्या मजल्यावर, जहाजांच्या एजंटांच्या जुन्या ऑफिसात
कपाटाएवढी एक खोली आहे.
एसी अठरावर, अंगात स्वेटर,
तिथे बसून मी फोन जन्माला घालतो.

आधी बारसं. दोनशे एक, हिशेब.
दोनशे दोन, कस्टम्सचे कागद बघणारे खोपकर.
मग प्रत्येकाच्या कानात परवलीचा शब्द
आणि ताकीद:
दर पाच मिनिटांनी कळवत जा,
की तू आहेस, आणि कुठे आहेस.
नाही कळवलंस तर शोधायला कोणी येणार नाही,
सर्व्हर फक्त लिहील, अनुपलब्ध.

मग भाषा ठरवायच्या.
सगळ्यांवर एकदम काट,
त्यानंतर हव्या तेवढ्याच परत लिहायच्या,
दोन आवाजाच्या, एक चित्राची.
दोघांत एकही समाईक निघाली नाही
तर जमत आलेलं स्थळ मोडावं
तसा कॉल मोडतो, घंटा वाजायच्या आत.

दोनशे सतरा क्लोटिल्डाबाईंचा.
एकतीस वर्षं त्या इथल्या ऑपरेटर.
बोर्ड किलोच्या भावाने भंगारात गेला
आणि बाई गोराईला, घरी.
पण कांडल्याहून, कोचीहून फोन करणारे म्हातारे
यंत्रातली मुलगी बोलायला लागली की ठेवून देतात.
मालक म्हणाले, बाईंना घरूनच जोडा,
रोज दोन तास.
व्हिडिओपण द्या, आता सगळे देतात.

जोडलं. वाजला. उचलला.
००:०१, ००:०२, घड्याळ पळायला लागलं
आणि कानात काहीच नाही.
खरखरसुद्धा नाही.
पडद्यावरचे आकडे सांगत होते,
माझं सगळं तिकडे पोचतंय.
तिकडचं काही इकडे येत नाही.
म्हटलं, बोलत राहा बाई, काहीही बोला,
मी तपासतोय.

अकरा मिनिटं तपासत होतो.
सवयीने मधूनमधून
हं, म्हणत होतो.

चूक माझीच निघाली.
बाहेरच्याला सांगायचा पत्ता
मी सर्व्हरला दिलाच नव्हता.
तो बिचारा आपला घरातला पत्ता सांगत बसला:
दुसरा मजला, टोकाची खोली.
कुठली चाळ, कुठली गल्ली, काही नाही.
आणि बाईंचा शब्द न् शब्द
गोराईतच, त्यांच्याच घरात,
टोकाची खोली शोधत फिरत होता.

एक ओळ लिहिली. सर्व्हर बंद करून चालू केला,
त्यात कॉल तुटला.
परत लावला.
पहिल्याच घंटेला उचलून बाई म्हणाल्या,
"...तर असं होतं ते सगळं.
आजवर कुणाला सांगितलं नव्हतं."

आवाज स्वच्छ. मागे मिक्सर, एक कावळा.
मला हं म्हणता आलं असतं.

"बाई, मघाचं मला काही ऐकूच आलं नाही.
आत्ताचं येतंय फक्त."

गप्प झाल्या. पण या वेळी
गप्प असणं ऐकू येत होतं.
"काहीच नाही?"
"काहीच नाही."
"मग हं कशाला करत होतास रे?"

माझ्याकडे अजून त्याचं उत्तर नाही.
ऑफिसच्या वहीत मी लिहिलं,
दोनशे सतरा, एका बाजूचा आवाज, दुरुस्त.

"बरं झालं," थोड्या वेळाने म्हणाल्या, "जाऊ दे. तो व्हिडिओ लाव."

आधी पंखा आला.
मग क्रूस, मग कॅलेंडर, कॅलेंडरवर दुधाचे आकडे,
मग आडवा अर्धा चेहरा,
मग सरळ, पूर्ण:
पावडर लावलेली, केस ओले,
बोर्डासमोर बसायच्या तशी मान ताठ.

"दिसते?"
"दिसता."
"आवाज?"
"येतो."
"मग आता तू बोल," म्हणाल्या,
"मी हं म्हणते."